मागे तीस फूट, टाकी अर्धी

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं छोटं गाव आहे. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ७० ने पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला पुढचा पंप मिळतो तो थेट सलाइना गावात, सुमारे १७० किलोमीटरवर. मध्ये पंप नाही, हॉटेल नाही, गॅरेज नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरचा हा सगळ्यात लांब बिनसोयीचा पट्टा मानला जातो. साध्या मोटारीला त्याचं काही वाटत नाही. गाणी ऐकत दोन तासांच्या आत ती पलीकडे पोचते. मागे तीस फुटी ट्रेलर जोडलेला पिकअपवाला मात्र इथे गाडी बाजूला घेतो आणि हिशेब मांडतो.

हिशेब सोपा आहे, पण सुखाचा नाही. फोर्ड एफ-१५० सारख्या लोकप्रिय पिकअपच्या एका प्रकारात २६ गॅलनची, म्हणजे साधारण ९८ लिटरची टाकी असते. एकटी धावताना अशी गाडी महामार्गावर लिटरला आठ-साडेआठ किलोमीटरचं ॲव्हरेज देते. मागे घरासारखा राहण्याचा ट्रेलर जुंपला की तोच आकडा साडेतीनवर येतो. भरलेल्या टाकीत ३४० किलोमीटर, अर्ध्या टाकीत १७०. म्हणजे अर्ध्या टाकीवर ग्रीन रिव्हर सोडलं तर कागदावर सलाइनाची वेस जेमतेम लागते. प्रत्यक्षात वाटेत सॅन राफेल स्वेलचा खडकाळ चढ आहे, आणि चढाला कागदाशी काही देणंघेणं नसतं.

ॲव्हरेज इतकं कोसळतं ते निव्वळ वजनामुळे, असं बहुतेकांना वाटतं. वजनाचा जाच चढावर आणि थांबून पुन्हा निघताना होतो. सपाट महामार्गावर खरं इंधन पितो तो वारा. ट्रेलरचा दर्शनी भाग आठ फूट रुंद आणि जवळपास दहा फूट उंच असतो. एवढी भिंत हवेतून ढकलत न्यायची, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरचे ११० केले की विरोध दीडपट होतो. समोरून वारा असेल, आणि कॅन्सस किंवा वायोमिंगच्या मोकळ्या माळावर तो असतोच, तर तोही वेगात मिळवायचा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. ती सुरक्षेसाठी घातलेली असली तरी टाकीच्याही पथ्यावर पडते.

त्यामुळे ट्रेलरवाल्यांमध्ये एक रिवाज पडून गेला आहे: काटा अर्ध्यावर आला की पंप शोधायला लागायचं. आणि खरी कसरत इथून पुढे आहे. पंप दिसणं वेगळं आणि पंपावर जाता येणं वेगळं.

उतारावरून खाली, मग डावीकडे

या कसरतीचं मूळ एका कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात, १९५६ मध्ये, आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्याचा कायदा झाला. या महामार्गांच्या हद्दीत पेट्रोल पंप किंवा इतर व्यापारी आस्थापना नकोत, असं धोरण ठरलं. वाटेतल्या गावांचं गिऱ्हाईक तुटू नये, हा त्यामागचा विचार होता. १९६० च्या आधीच उभी राहिलेली ठिकाणं तेवढी सुटली. म्हणून पेनसिल्व्हेनिया, ओहायो, कॅन्सस यांच्या जुन्या टोल रस्त्यांवर आजही रस्त्यालगतच पंप भेटतात. तिथे ट्रेलरवाल्याला काहीच विचार करावा लागत नाही. सरळ आत, सरळ बाहेर.

इतरत्र महामार्ग सोडावाच लागतो. उतारावरून खाली, सिग्नल, डावं किंवा उजवं वळण, मग गर्दीच्या चौकातलं प्रवेशद्वार. चुकलं तर साधी गाडी पुढच्या फाट्यावरून वळून येते. पन्नास फुटी जोडगाडीला तशी जागा मिळेपर्यंत कधी कधी शेजारचं गाव येतं.

महामार्गाच्या कडेला निळ्या पाट्या असतात. पुढच्या फाट्यावर कोणत्या कंपनीचा पंप आहे, ते त्यांवर बोधचिन्हांनी दाखवलेलं असतं. त्यातल्या काही चिन्हांवर छोटं पिवळं वर्तुळ आणि त्यात काळ्या अक्षरांत ‘आरव्ही’ असं लिहिलेलं दिसतं. राहण्याच्या गाड्या आणि ट्रेलर यांना आत-बाहेर करायला पुरेशी जागा इथे आहे, असा त्याचा अर्थ. ताशी शंभराच्या वेगात ते वर्तुळ टिपायला शेजारच्या सीटवर तेज नजरेचं माणूस हवं. अलीकडे हे काम आदल्या रात्रीच होतं. मुक्कामावर बसून लोक उपग्रहावरून टिपलेल्या चित्रात पंप पाहतात: दारं किती, छताखालच्या रांगा कोणत्या दिशेला, दुकानासमोर मोकळी जागा किती, आणि मुख्य म्हणजे आत गेल्यावर बाहेर कुठून पडता येईल.

पायथागोरस पंपावर

ट्रेलर वळणावर पिकअपच्या चाकोरीतून जात नाही. तो आत कापतो. किती कापतो, हे शाळेतल्या काटकोन त्रिकोणावरून काढता येतं. समजा, पिकअपच्या मागच्या जोडाचा खिळा, म्हणजे हिच, १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे आणि तिथपासून ट्रेलरच्या आसापर्यंतचं अंतर ६ मीटर आहे. वळण तसंच चालू ठेवलं तर वर्तुळाचा मध्य, हिच आणि ट्रेलरचा आस यांचा काटकोन त्रिकोण होतो. १२ चा वर्ग १४४, त्यातून ६ चा वर्ग ३६ वजा केला की उरतात १०८, आणि त्यांचं वर्गमूळ १०.४. म्हणजे ट्रेलरची चाकं हिचच्या वाटेपेक्षा १.६ मीटर आतून जातात. चालकाची खिडकी पंपाच्या कडेपासून मीटरभर लांबून सुखरूप गेली, तरी ट्रेलरचं चाक पंपाच्या ओट्यावर चढू शकतं, ते या १.६ मीटरमुळे.

दुसरी खोड उलट बाजूची. ट्रेलरचा आस त्याच्या शेपटाशी नसतो. आसाच्या मागे तीन मीटरचा भाग लोंबत असतो. पुढचं तोंड उजवीकडे वळलं की हे शेपूट डावीकडे फेकलं जातं. वरच्याच उदाहरणात ते सुमारे ४० सेंटीमीटर होतं. चाळीस सेंटीमीटर म्हणजे हातभर, आणि पंपाला गाडी चिकटवून उभी केली तर मध्ये हातभरच जागा असते. म्हणून पाइप जागेवर लावून निघालेला जाणता चालक लगेच वळत नाही. ट्रेलरचं शेपूट पंपाच्या पुढे जाईपर्यंत तो सरळ जातो आणि मग चाक फिरवतो.

अमेरिकेत पंपांची मांडणी साधारण दोन तऱ्हांची असते. एका तऱ्हेत पंपांच्या रांगा दुकानाला समांतर असतात. गाडी एका दारातून शिरते, दुकानासमोरून जाते आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडते. ट्रेलरला ही मांडणी मानवते. दुसऱ्या तऱ्हेत रांगा दुकानाकडे तोंड करून असतात. इंधन भरून झाल्यावर समोर दुकानाची भिंत, भिंतीसमोर उभ्या केलेल्या मोटारी आणि त्यांच्या मागे जेमतेम एक गाडी वळेल एवढी जागा. मोटार तिथे सहज काटकोनात वळते. ट्रेलर अडकतो तो इथे.

ते अडकणं जवळून पाहण्यासारखं असतं. पिकअप पंपांच्या रांगेतून पुढे येऊन उजवीकडे वळते. चालक पुढे पाहतो आहे, कारण समोर कुणाची तरी उभी गाडी आहे. ओट्याच्या टोकाला काँक्रीट भरलेला, पिवळा रंगवलेला लोखंडी खांब असतो. पंपाला धडक बसू नये म्हणूनच तो तिथे रोवलेला असतो, आणि तो वाकत नाही. ट्रेलरची उजवी बाजू हळूहळू त्याच्या जवळ सरकते. आधी चाकावरची प्लॅस्टिकची पट्टी कुरकुरते. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पिवळी रेघ उमटते. याच बाजूला ट्रेलरची गुंडाळलेली कनात आणि तिचे दांडे असतात. आणखी अर्धा मीटर पुढे गेलं तर तेही जातील. या क्षणी पुढे जाणं म्हणजे पत्रा फाडणं. चाक तसंच वळलेलं ठेवून गाडी इंच-इंच मागे घ्यायची, ज्या वाटेने आली त्याच वाटेने, एवढाच उपाय उरतो. आणि मागे पंपासाठी रांग लागलेली असते.

रिव्हर्समध्ये ट्रेलर चाकाच्या उलट ऐकतो. गाडीचं शेपूट डावीकडे न्यावं तर ट्रेलरचं उजवीकडे जातं. शिकवणारे एक युक्ती सांगतात: हात स्टिअरिंगच्या वर न ठेवता खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवायचा. मग हात ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला ट्रेलर मागे वळतो. दुसरं माणूस खाली उतरून आरशात दिसेल असं उभं राहतं. आपल्याकडच्या ट्रकमागे ‘येऊ दे, येऊ दे, बास!’ ओरडणाऱ्या क्लीनरचं काम इथे बहुतेक वेळा नवरा किंवा बायको करते, आणि या पाच मिनिटांत संसाराची चांगलीच परीक्षा होते.

धोका आडवाच असतो असं नाही. पिकअपच्या हौद्यात जोड बसवून ओढायचे मोठे ट्रेलर १३ फुटांपर्यंत उंच जातात. बऱ्याच राज्यांत उंचीची कायदेशीर मर्यादा साडेतेरा फूट आहे. पंपाच्या छतावर उंचीचा आकडा लिहिलेला असतो, पण खालच्या डांबरावर नवा थर चढला की तो आकडा जुना होतो. छतावरच्या एसीचं झाकण आधी बळी जातं. रस्त्यावरून आवारात उतरताना मधल्या खोलगट भागात ट्रेलरचं लोंबतं शेपूट जमिनीला घासतं, ते वेगळंच. बऱ्याच ट्रेलरच्या मागच्या कडेखाली लोखंडी घसरपट्ट्या किंवा छोटी चाकं लावलेली दिसतात, ती त्यासाठी.

ट्रकवाल्यांच्या अंगणात

या सगळ्यावर उतारा म्हणजे ट्रक स्टॉप. पायलट, लव्ह्ज, ट्रॅव्हल सेंटर्स ऑफ अमेरिका अशा साखळ्यांचे हे विस्तीर्ण तळ देशभर पसरले आहेत. लव्ह्जची सुरुवात १९६४ मध्ये ओक्लाहोमातल्या वाटोंगा गावात एका पंपाने झाली. त्याच वर्षी आयोवातल्या वॉलकॉटला उघडलेला ‘आयोवा ८०’ आज स्वतःला जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप म्हणवतो. तिथल्या ट्रकच्या लेन ५३ फुटी मालवाहू ट्रेलर आणि त्यापुढच्या ट्रॅक्टरसाठी आखलेल्या असतात. सगळं धरून सत्तर फुटांच्या वर. पन्नास फुटांचा पिकअप-ट्रेलर तिथे ऐसपैस मावतो. छत उंच, लेन रुंद, आत सरळ, बाहेर सरळ.

अडचण एकच: या लेनमध्ये फक्त डिझेल मिळतं. पेट्रोलवरच्या पिकअपला मोटारींच्या बाजूलाच जावं लागतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फ्लाइंग जे या साखळीने बऱ्याच ठिकाणी आरव्हींसाठी वेगळ्या लेन केल्या. तिथे पेट्रोल आणि डिझेल दोन्ही, शिवाय स्वयंपाकाचा गॅस भरायची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय. पायलट आणि फ्लाइंग जे २०१० मध्ये एकत्र आल्या, तरी ट्रेलरवाले नकाशावर फ्लाइंग जेचंच नाव शोधतात.

ट्रकच्या लेनचे रीतिरिवाज वेगळे असतात. ट्रकला दोन्ही बाजूंना टाक्या असतात, प्रत्येकी चारशे-पाचशे लिटरच्या. म्हणून लेनच्या दोन्ही कडांना पंप. चालकाच्या बाजूचा मुख्य, पलीकडचा त्याचा जोडीदार. मुख्य पंप सुरू केल्याशिवाय जोडीदारातून डिझेल येत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या पिकअपच्या टाकीचं तोंड डावीकडे, म्हणजे चालकाच्याच बाजूला असल्यामुळे त्यांचं काम मुख्य पंपावर भागतं.

पंपाचा पडदा प्रश्न विचारतो: ट्रॅक्टर की रीफर? ट्रॅक्टर म्हणजे गाडीच्या इंजिनासाठी. रीफर म्हणजे शीतपेटीच्या ट्रेलरवरच्या थंड करणाऱ्या यंत्रासाठी, आणि त्या डिझेलला रस्ताकर लागत नाही. डिझेलवरचा संघराज्याचा कर गॅलनला २४.४ सेंट आहे. पिकअपवाल्याने रीफरचं बटण दाबलं तर ती करचुकवेगिरी होते. करमुक्त डिझेल ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग मिसळण्याची पद्धत आहे. ते रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत सापडलं तर किमान १,००० डॉलर दंडाची तरतूद आहे.

दुसरा फरक धारेचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पेट्रोलच्या नोझलला मिनिटाला १० गॅलन, म्हणजे ३८ लिटरची मर्यादा घातली आहे. ट्रकचं जाड नोझल मिनिटाला शंभर लिटरच्याही पुढे जाऊ शकतं. एवढी धार पिकअपच्या अरुंद नळीत सोडली की डिझेल फेसाळतं आणि नोझल खट्कन बंद पडतं. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. वाहत्या इंधनामुळे त्यातून हवा ओढली जात असते. फेस किंवा इंधन त्या भोकापर्यंत पोचलं की हवा अडते, आत पोकळी वाढते, एक पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. टाकी निम्मी भरली असली तरी फेसाने तो फसतो. उपाय एकच, खटका पूर्ण न दाबता हळूहळू भरणं.

इथे रेंगाळून चालत नाही. ट्रकचालकांना १४ तासांच्या कालावधीत ११ तासच गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतं. त्यामुळे पंपावर गेलेलं प्रत्येक मिनिट त्यांच्या कमाईतून कापलं जातं. भरून झालं की गाडी लेनमध्येच पुढच्या रेषेपर्यंत न्यायची, म्हणजे मागचा पंपाला लागतो, हा तिथला शिष्टाचार. पंपासमोर गाडी उभी करून कॉफी आणायला गेलेल्या ट्रेलरवाल्याला काय ऐकावं लागतं, ते छापण्याजोगं नसतं.

हिरवं हँडल, निळं झाकण

मोठा ट्रेलर मागे असला की डोकं जागेच्या हिशेबात गुंतलेलं असतं, आणि नेमक्या अशाच वेळी चुकीचं नोझल हातात येतं. अमेरिकेत डिझेलचं हँडल बहुतेक ठिकाणी हिरवं असतं, पण बीपीच्या पंपांवर हिरवा रंग पेट्रोलला असतो. डिझेलचं नोझल जाड असल्यामुळे पेट्रोल गाडीत सहसा शिरत नाही. पेट्रोलचं बारीक नोझल मात्र डिझेल गाडीत सुखाने बसतं. २०१० नंतरच्या कडक प्रदूषण नियमांमुळे डिझेल पिकअपना निळ्या झाकणाची आणखी एक टाकी आली. तीत ३२.५ टक्के युरिया असलेलं द्रावण भरायचं. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर इंजिन सुरू करायचंच नाही. केलं तर सगळी इंधनयंत्रणा बदलायची वेळ येऊ शकते.

ट्रेलरला स्वतःचं स्वयंपाकघर असतं, म्हणजे ज्योतही असते. बऱ्याच ट्रेलरचा फ्रिज प्रवासात गॅसवर चालतो. त्याचा बर्नर गरजेप्रमाणे आपोआप पेटतो आणि त्याची जाळी बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून फार उंच नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खालीच पसरते. म्हणून पंपावर शिरण्याआधी गॅस बंद करायचा. नव्या ट्रेलरमध्ये बारा व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज येऊ लागले आहेत. त्यांना ज्योतच नाही.

जनरेटरसाठी लागणारा पेट्रोलचा डबा हा आणखी एक विषय. पिकअपच्या हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असतं. डबा त्यावर ठेवून भरला तर त्याच्यावर साचलेला स्थिर विद्युतभार जमिनीत जाऊ शकत नाही आणि ठिणगी पडू शकते. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. डबा खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल त्याला टेकवून भरायचं.

राज्य बदललं की रीतही बदलते. न्यू जर्सीत १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. एडिसनसारख्या गावांतल्या मराठी कुटुंबांना पंपावर गाडीत बसून राहण्याची मायदेशातली सवय तिथे मोडावी लागत नाही. ओरेगॉनने तशीच जुनी बंदी २०२३ मध्ये उठवली आणि आता न्यू जर्सी एकटंच उरलं आहे. नोझल दुसऱ्याने धरलं तरी ट्रेलर पंपाशी नीट लावण्याचं काम मात्र चालकाचंच राहतं. टेक्सासच्या बकीज या साखळीने वेगळीच वाट काढली. तिच्या आवारात १८ चाकी ट्रकना मज्जाव आहे, पण पंपांची संख्या अफाट. टेनेसीतल्या सेव्हिअरव्हिलच्या दुकानात १२० पंप आहेत. ट्रेलरवाला तिथे कडेची रांग धरतो, कारण तिच्या एका बाजूला दुसरी गाडी नसते.

विजेवरच्या पिकअप आल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. रिव्हियन २०२१ मध्ये आणि फोर्डची एफ-१५० लाइटनिंग २०२२ मध्ये रस्त्यावर आली. ट्रेलर जोडला की त्यांचा पल्ला निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, म्हणजे थांबे दुप्पट होतात. आणि बहुतेक चार्जर पार्किंगच्या टोकाला लावलेले: गाडी तोंडाने किंवा पाठीने आत घालायची, आखूड केबल जोडायची. मागे ट्रेलर असेल तर तो आधी सोडावा लागतो. चाकांखाली ठोकळे, जॅक फिरवून तोंड उचलणं, भार वाटणाऱ्या दांड्या काढणं, दोन सुरक्षा साखळ्या, दिव्यांचा सात पिनांचा प्लग, आणि ट्रेलर चुकून सुटलाच तर ब्रेक लावणारी बारीक तार. चार्जिंग झालं की हेच सगळं उलट क्रमाने. पायलटने जनरल मोटर्स आणि ईव्हीगो यांच्यासह २०२२ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत बऱ्याच ठिकाणी सरळ आत, सरळ बाहेर जाता येईल असे छताखालचे चार्जर ठेवले, आणि २०२३ पासून ते सुरूही होऊ लागले. असे चार्जर सगळीकडे होईपर्यंत लांब ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये डिझेल पिकअपचाच वरचष्मा राहील असं दिसतं, कारण ट्रकची लेन आज त्यांनाच मोकळी आहे.